पाच वाजताचे ऊन

२०२५ च्या २ जुलैला जर्मनीत आंडरनाख या ऱ्हाइनकाठच्या गावी पारा ३९.३ अंशांवर गेला. त्या आठवड्यात पश्चिम युरोपातल्या बातम्यांत उष्म्याशिवाय फारसे काही नव्हते. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला या आकड्याचे काय वाटेल, हे सांगायला नको. आपल्या हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी प्रदेशात पारा ४० ला पोहोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच सुरू होत नाही. मग ३५-३६ अंशांना एवढा गहजब कशासाठी? जर्मनीच्या रॉबर्ट कॉख संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ च्या उन्हाळ्यात त्या देशात उष्म्याने सुमारे ८,७०० माणसे दगावली, २०२२ मध्ये सुमारे ४,५०० आणि २०२३ मध्ये सुमारे ३,२००. त्यांत बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढची. ४० च्या खालचे ऊनही जीव घेते, ते का आणि कसे, हे समजून घ्यायला एखादे खरे शहर समोर ठेवलेले बरे. त्यासाठी फ्रायबुर्ग घेऊ, आणि ते सायकलवरून पाहू. कारण तिथे गेलेला माणूस सायकलवर बसल्याशिवाय राहत नाही.

फ्रायबुर्ग जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी वसले आहे. लोकसंख्या सव्वादोन-अडीच लाखांच्या दरम्यान. २०१६ च्या पाहणीत शहरातल्या लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी ३४ टक्के सायकलवरून होत होत्या. हे शहर देशातल्या सर्वांत उबदार शहरांपैकी एक मानले जाते. १३ ऑगस्ट २००३ रोजी इथे ४०.२ अंश नोंदले गेले, आणि तेव्हा तो (कार्ल्सरूहच्या बरोबरीने) जर्मनीचा उच्चांक होता. पुढे तो मोडला. सध्याचा उच्चांक ४१.२ अंशांचा, २५ जुलै २०१९ चा. त्याच दिवशी लिंगन गावी ४२.६ अंश नोंदले गेले होते, पण तिथल्या मापकाभोवती वाढलेल्या झाडझाडोऱ्याने वारा अडत होता, म्हणून तो आकडा दीड वर्षाने रद्द झाला. म्हणजे नुसता वारा अडल्यानेही पारा खोटा चढू शकतो. ही गोष्ट पुढे सायकलच्या संदर्भात उपयोगी पडेल.

आधी घड्याळाचे पाहू, कारण आपल्याकडून जाणारे पर्यटक आणि नवे विद्यार्थी हमखास फसतात ते इथे. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, की बारा ते तीन उन्हात जायचे नाही आणि चार वाजले की ऊन उतरते. पुण्यात ते खरेही आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य साडेबारा-पाऊणच्या सुमारास माथ्यावर येतो आणि हवेचे तापमान त्यानंतर दोन-तीन तासांनी शिगेला पोहोचते. फ्रायबुर्गचे रेखांश पूर्वेला आठाहून थोडे कमी आहे, पण उन्हाळ्यात तिथले घड्याळ चालते तीस अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने. एक तास मध्य युरोपीय वेळेचा आणि वर एक तास उन्हाळी वेळेचा. या हिशेबाने जुलैत फ्रायबुर्गची खरी मध्यान्ह होते दुपारी १ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. जमीन आणि भिंती तापून हवा तापायला आणखी तीन-साडेतीन तास. थोडक्यात, दिवसातला सर्वांत गरम काळ येतो घड्याळात पाच वाजता, कधी त्याहूनही थोडा उशिरा. सूर्यास्त साडेनऊला. ‘दुपारभर हॉस्टेलवर पडून राहू, चारला सायकली काढू’ असा शहाणपणाचा बेत करणारा माणूस बरोबर शिगेच्या तोंडावर बाहेर पडतो.

२०२३ च्या जुलैत जर्मनीतल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉक्टरांच्या संघटनेने उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या देशांसारखी दुपारची विश्रांती असावी, असे सुचवले. तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनाही ती कल्पना वाईट वाटली नाही. वर्तमानपत्रांतून आठवडाभर गंमत चालली. चर्चा विश्रांती हवी की नको यावरच झाली, ती नेमकी किती वाजता, हा प्रश्न बाजूला पडला. बारा ते दोनची झोप घेऊन तीनला कामावर परतणाऱ्याच्या वाट्याला दिवसातले सगळ्यांत वाईट तास येतील.

आता सायकलवर बसू. पाय मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला पाचवा किंवा फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली सगळी उष्णता. सपाट रस्त्यावर आरामात चालवताना पायांतून ७५ वॅट निघत असतील, तर अंगात साधारण ३०० वॅट उष्णता तयार होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ती जवळपास तिप्पट. ही उष्णता बाहेर टाकायचे मार्ग दोन. हवा त्वचेपेक्षा थंड असेल, तर नुसत्या वाऱ्याने ती जाते. उन्हात त्वचेचे तापमान ३४-३५ अंशांच्या घरात असते. हवा ३६ झाली की हा मार्ग उलटा फिरतो आणि वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देतो. उरतो घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. ३०० वॅटच्या हिशेबात ताशी अर्ध्या लिटरपेक्षा थोडा कमी घाम पुरेल. शिवाय ऊन वरून किरणांची उष्णता देते, तिचा हिशेब वेगळा.

इथे सायकल आपल्या बाजूने आहे. ताशी १५-१८ किलोमीटरचा वारा सतत अंगावर येतो आणि युरोपातली उन्हाळी हवा मुंबईच्या मानाने कोरडी असते, त्यामुळे घाम येतो तसा वाळतो. अंग कोरडे राहते, शर्टावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात. चालणाऱ्यापेक्षा सायकलवाल्याला बरे वाटते ते यामुळे. धोकाही इथेच. घाम दिसत नाही म्हणून पाणी गेल्याचे कळत नाही. आणि सिग्नलला थांबलो की सारा हिशेब एकदम बदलतो. वारा बंद, स्नायूंतली उष्णता अजून बाहेर येतेच आहे, खाली पन्नासच्या पुढे तापलेले डांबर. अर्ध्या मिनिटात कपाळावरून धारा लागतात. लिंगनच्या मापकाचे जे झाले, ते इथे माणसाचे होते.

त्यामुळे उष्म्यात सायकलसाठी चांगले शहर कोणते, याची माझी कसोटी फार सोपी आहे. तिथे किती वेळा थांबावे लागते आणि थांबतो तिथे सावली असते का?

फ्रायबुर्ग या कसोटीला निम्मे उतरते. रेल्वे स्थानकाला लागून रुळांवरून जाणारा निळा लोखंडी पूल आहे. त्याचे नाव विविली, निकाराग्वातल्या एका गावावरून ठेवलेले. एकोणिसाव्या शतकातला हा पूल आज मोटारींना बंद आहे आणि तिथल्या मोजणीखांबावर दिवसाला दहा हजारांच्या आसपास सायकली नोंदल्या जातात. पुलावर सावली अजिबात नाही, पण थांबावेही लागत नाही. तिथून ड्रायझाम नदीकडे उतरले की शहरातला सर्वांत गुणी रस्ता लागतो. नदीच्या कडेकडेने पूर्व-पश्चिम जाणारा हा सायकलमार्ग रस्त्यांच्या पुलांखालून निघतो, त्यामुळे लांबच लांब सिग्नल नाही. बऱ्याच भागात दोन्ही बाजूंना झाडे, पुलांखाली गडद सावली, शेजारी वाहते पाणी. उष्म्याच्या दिवसांत लोक तिथे पाय सोडून बसलेले असतात.

झाडाच्या सावलीने नेमके काय होते, याबद्दल एक गैरसमज आहे. सावलीतली हवा उन्हातल्या हवेपेक्षा फार थंड नसते, फरक बहुधा एक-दोन अंशांचा. फरक पडतो तो अंगावर येणाऱ्या किरणांत. सूर्याचे थेट किरण आणि तापलेल्या फरसबंदी-भिंतींतून निघणारी उष्णता, दोन्ही कमी होतात. फ्रायबुर्ग विद्यापीठात मानवी जैवहवामानशास्त्राची जुनी परंपरा आहे. हवा, वारा, आर्द्रता आणि किरणे मिळून शरीराला किती उष्ण वाटते, हे मोजण्याचे काम तिथे अनेक वर्षे चालले आहे. त्या हिशेबाने भर उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या चौकात आणि दाट झाडाखाली शरीराला जाणवणाऱ्या उष्णतेत दहा अंशांच्या आसपास फरक पडतो. शेजारी शेजारी, पन्नास पावलांवर.

जुन्या गावात मात्र चित्र मिश्र आहे. फ्रायबुर्गची ओळख म्हणजे ‘बेश्ले’, रस्त्याच्या कडेने वाहणारे वीतभर रुंदीचे दगडी पाट. मध्ययुगापासूनचे. ड्रायझामचे पाणी त्यांतून खेळवलेले असते. पूर्वी ते जनावरांना पाजायला आणि आग विझवायला होते, आता लहान मुले त्यांत दोरीला बांधलेल्या लाकडी होड्या ओढत नेतात. चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होते, अशी समजूत. सायकलस्वाराने पाय सांभाळला तरी चाक सांभाळावे. पाट आणि ट्रामचे रूळ दोन्ही पुढच्या चाकाला गिळायला टपलेले असतात, आणि भर उन्हात चक्कर आलेल्या माणसाला ही कसरत जमत नाही. पर्यटन पुस्तिका या पाटांना शहराचे नैसर्गिक वातानुकूलन म्हणतात. त्याबद्दल मी साशंक आहे. एवढ्याशा पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाने अख्खा रस्ता थंड होणे कठीण. तापलेले पाय त्यात बुडवले तर अंग थंड होते, हे मात्र खरे, आणि तेवढा उपयोग पुष्कळ आहे. पिण्यासाठी ते पाणी नाही. जर्मनीत सुंदर दगडी कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असली, तर बाटली भरायची नाही. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत ड्रायझामच इतकी आटली, की पाटांचे पाणी बंद करावे लागले. ज्या दिवसांत ते सगळ्यांत हवे, नेमके तेव्हा.

आणखी बोलके उदाहरण विद्यापीठाजवळच्या मोठ्या चौकाचे. १९३८ च्या ९-१० नोव्हेंबरच्या रात्री नाझींनी जाळलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर इथे होते. चौकाचे नावही ‘जुन्या सिनेगॉगचा चौक’. पूर्वी इथे हिरवळ होती. २०१७ मध्ये नवा चौक खुला झाला तो बहुतांशी दगडी फरसबंदीचा, आणि मंदिराच्या पायाच्या आकारात पाण्याचे उथळ स्मारक. उन्हाळा आला, फरशी तापली, आणि लोक त्या पाण्यात पाय सोडून बसू लागले, मुले खेळू लागली. ज्यू समाजातून नाराजी व्यक्त झाली. ती रास्तच आहे. पण तापलेल्या दगडी मैदानात एकच थंड जागा ठेवली, तर माणसे तिथेच जाणार, हे आराखडा करतानाच कळायला हवे होते. तापमानाचा विचार न करता आखलेला चौक शेवटी स्मृतीचाही अवमान घडवतो. याला नागरिकांचा दोष म्हणणे सोपे आहे. मी तो वास्तुरचनेचा मानतो.

याउलट दक्षिणेकडचा व्होबाँ हा भाग. फ्रेंच सैन्य १९९२ मध्ये इथली छावणी सोडून गेले आणि त्या जागी मोटारींना कमीत कमी जागा देणारी वसाहत उभी राहिली. जुनी झाडे राखलेली, ट्रामचे रूळ गवतात बसवलेले, घरांच्या रांगांमधून हिरव्या पट्ट्या सोडलेल्या. डोंगराकडून येणारी हवा आत शिरावी हा त्यामागचा एक हेतू. भर दुपारी चौकातून निघून तिथे पोहोचलेल्या सायकलस्वाराला मोजमापाशिवायही फरक कळतो.

या शहराची खरी देणगी रात्रीची आहे. पूर्वेच्या डोंगरांतून ड्रायझामच्या खोऱ्यावाटे संध्याकाळनंतर एक थंड वारा उतरतो, त्याला ‘ह्योलेनटेलर’ म्हणतात. सूर्य मावळल्यावर उतारावरची हवा लवकर थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहते. पूर्वेकडच्या वस्त्यांना तो आधी आणि जास्त लागतो, पश्चिमेकडे त्याचा जोर कमी होत जातो. उष्म्याच्या आजारांत रात्रीचे तापमान दिवसाइतकेच महत्त्वाचे. रात्री शरीर सावरले नाही, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच तुटीने होते. थंडीसाठी बांधलेल्या, जाड थर लावलेल्या, वातानुकूलन नसलेल्या घरात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धाला तो वारा खिडकीतून मिळतो की नाही, यावर बरेच काही ठरते. फिरायला आलेल्यासाठी अर्थ इतकाच, की सकाळी सहा ते दहा आणि रात्री साडेआठनंतर, या दोन वेळा सायकलच्या. साडेनऊपर्यंत उजेड असतोच.

उष्म्यापासून पळून डोंगरावर जावे, असे कुणालाही वाटते. शहराला लागून शाउइन्सलांड हा १,२८४ मीटरचा डोंगर आहे. शहरापेक्षा सुमारे हजार मीटर उंच, म्हणजे माथ्यावर सहा-सात अंशांनी थंड. पण चढताना पायांतून २०० वॅट काढावे लागले, तर अंगात ८०० वॅट उष्णता तयार होते. ती घालवायला ताशी सव्वा लिटर घाम पूर्ण वाळायला हवा. आणि चढावर वेग असतो ताशी आठ-दहा किलोमीटर, म्हणजे वारा नावापुरता. घाम वाळत नाही, ठिबकतो. ठिबकलेला घाम काहीच थंड करत नाही. त्यात ओझोनची भर. मोटारींच्या धुरातली नायट्रोजन ऑक्साइडे आणि कडक ऊन यांतून दुपारी जमिनीलगत ओझोन तयार होतो. गंमत अशी, की वर्दळीच्या रस्त्यावर ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो, त्यामुळे शहराच्या कडेला, डोंगरउतारावर त्याचे प्रमाण अनेकदा गावापेक्षा जास्त भरते. युरोपीय नियमानुसार घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम ओलांडले की लोकांना कळवावे लागते, २४० ला इशारा द्यावा लागतो. चढावर धापा टाकणारा माणूस स्वस्थ बसलेल्यापेक्षा कित्येक पट हवा आत घेतो. दमा असलेल्याने अशा दिवशी केबल कारने वर जावे. त्यात कमीपणा नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलींची हेटाळणी करणाऱ्यांनीही हा हिशेब पाहावा. मोटर निम्मा भार उचलते तेव्हा अंगातली उष्णताही त्या प्रमाणात कमी होते. जर्मनीत २०२३ मध्ये विकलेल्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक अशाच होत्या.

जर्मन हवामान सेवा उष्म्याचे इशारे देते ते २००५ पासून, युरोपात सत्तर हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या २००३ च्या उन्हाळ्यानंतर. तिचे वैद्यकीय हवामान संशोधन केंद्र फ्रायबुर्गलाच आहे. इशारा नुसत्या पाऱ्यावर ठरत नाही, ‘जाणवणाऱ्या तापमाना’वर ठरतो, आणि ते कुणाला जाणवणारे, तर ‘क्लिमा-मिशेल’ नावाच्या काल्पनिक माणसाला. वय ३५, उंची १.७५ मीटर, वजन ७५ किलो, प्रकृती उत्तम, उन्हाप्रमाणे कपडे बदलणारा. त्याला साधारण ३२ अंशांपुढे जाणवू लागले आणि रात्रीही दिलासा नसेल तर पहिला इशारा, ३८ च्या पुढे दुसरा. हा मिशेल संथ चालतो. तो सायकलवर सामान घेऊन चढ चढत नाही, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत नाही, मागच्या बंद गाडीत दोन वर्षांचे मूल बसवत नाही. मुलाच्या गाडीवर ऊन लागू नये म्हणून टाकलेले कापड आतली हवा कोंडते, हे तर मिशेलला ठाऊकही नसावे. इशारा वाचताना आपण मिशेलपासून किती दूर आहोत, हे प्रत्येकाने पाहायचे.

‘आम्ही विदर्भातले, आम्हाला काय होणार’ हेही त्यातच आले. उन्हाची सवय ही शरीराने कमावलेली गोष्ट आहे. दहा-चौदा दिवस उन्हात वावरल्यावर घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यात मीठ कमी जाते, रक्ताचे आकारमान वाढते. पण ऊन सुटले की तीन-चार आठवड्यांत यातले बहुतेक विरून जाते. जर्मनीत एक हिवाळा काढलेल्या नागपूरकराचे शरीर जूनच्या पहिल्या लाटेत तिथल्या शेजाऱ्याइतकेच अननुभवी असते. त्याच्याकडे असतो तो फक्त आत्मविश्वास. तासाभरापेक्षा मोठी फेरी असेल, तर पाण्याबरोबर मीठही हवे. नुसते पाणी लिटरवारी प्यायल्याने रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. खारे ताक किंवा मीठ-साखरपाणी चालते. बिअर आणि लिंबू-सोड्याच्या मिश्रणाला जर्मन ‘राडलर’ म्हणतात, म्हणजे सायकलवाला. नाव काहीही असो, त्यात दारू आहे. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. आधी सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, त्याच वेळी ११२ ला फोन. गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवू नये.

फिरायला आलेल्याला दुपारी खोलीवर थांबण्याची मुभा आहे. ज्यांना ती नाही, त्यांच्याविषयी जर्मनीत अलीकडे बोलले जाऊ लागले आहे. तिथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय आता सर्वाधिक, साठ हजारांच्या जवळपास, आणि मोठ्या शहरांत पाठीवर चौकोनी पेटी घेऊन सायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्यांत ते सहज दिसतात. त्यांत मराठी मुलेही आहेत. रात्रीच्या जेवणाच्या मागण्या सहापासून वाढतात. म्हणजे शीग नुकतीच ओसरू लागलेली, डांबर आणि भिंती दिवसभराची उष्णता परत देत असलेल्या, आणि दर दोन मिनिटांनी सिग्नल. जर्मन कामगार-सुरक्षा नियमांत बंद खोलीतल्या कामासाठी आकडे ठरलेले आहेत. २६ अंशांपुढे मालकाने उपाय करावेत, ३० पुढे ते करावेच लागतात, आणि ३५ पुढे खास व्यवस्था नसेल तर ती खोली कामास योग्य मानली जात नाही. बाहेरच्या कामासाठी असा आकडा नाही. मालकाने धोक्याचा अंदाज घेऊन योग्य ती काळजी घ्यावी, एवढेच कायदा सांगतो. घरी बसून जेवण मागवणाऱ्याच्या खोलीत तापमापक असतो. ते जेवण आणणाऱ्याच्या पाठीवरच्या पेटीत अन्न गरम राहावे म्हणून जाड थर असतो, आणि तो थर त्याच्या पाठीलाही घाम वाळू देत नाही.